निकाल उघडा असावा, लेकीचे नाव झाकलेले असावे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत बोलली जाते. पण ज्याच्या गावच्या जमिनीत दुसऱ्याने नांगर घातला, ज्याची कारखान्यातली देणी थकली, ज्याच्या लेकीला सासरी छळले, त्याने ही म्हण उराशी धरून बसावे काय? पायरी चढावीच लागते. आपली माणसे ती चढतातही. फक्त होते असे, की पाच-दहा वर्षे तारखा करूनही घरातल्या पत्र्याच्या पेटीत कोर्टाचा एक कागद सापडत नाही. वकिलाकडे आहे, असे सांगतात. वकील वारले किंवा त्यांनी ऑफिस हलवले, की दाव्याचा नंबरसुद्धा कुणाला आठवत नाही.

वाचक बंधु-भगिनींनो, या विषयावर दोन प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. पहिला प्रश्न बहुधा पुरुषमाणसांचा असतो : कोर्टातले कागद बघण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आपल्याला आहे काय? दुसरा प्रश्न आयाबहिणींचा असतो आणि तो हळू आवाजात येतो : घरातली अब्रूची गोष्ट कोर्टात गेली तर ती चारचौघांत होणार काय? एकाला कागद उघडा हवा आहे, दुसरीला झाकलेला हवा आहे. वरवर पाहता दोघांची तोंडे दोन दिशांना दिसतात. आमच्या मते दोघांचे मागणे एकच आहे. कोर्टाने दुबळ्याच्या बाजूने डोळे उघडे ठेवावेत, एवढेच ते मागणे आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. फौजदारी खटला ज्या ठिकाणी चालतो ते ठिकाण खुले न्यायालय समजावे आणि तेथे जागा असेल तेवढ्या जनतेला येऊ द्यावे, असे कायद्यात लिहिलेले आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३६६ मध्ये आहे. दिवाणी दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३ब तेच सांगते. म्हणजे कोर्टाच्या बाकावर बसून कामकाज ऐकणे ही कुणाची मेहेरबानी नाही. न्यायाधीशाने काय विचारले, साक्षीदाराने काय सांगितले, हे लोकांच्या डोळ्यांदेखत घडले पाहिजे. बंद दाराआड होणाऱ्या निवाड्यावर गरिबाचा विश्वास बसत नाही. गावकीच्या बंद बैठकांतले निवाडे आपल्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ सोसले आहेत.

उघड्या कागदाची किंमत काय असते, याचे आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण महाडचे आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या लहान पोरालाही माहीत असते. पण त्या तळ्यावरून पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ दावा चालला, हे मोठ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळ्यावर अस्पृश्यांनी जाऊ नये अशी पुरातन रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याला अपिलात गेला आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात पोचला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. अशी पुरातन रूढी वादींना शाबीत करता आली नाही, असे त्यात लिहिले आहे. वादींचे अपील फेटाळले गेले.

हा निकाल 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' मध्ये छापून आला आणि आजही तो कुणालाही काढून वाचता येतो. वादींनी काय दावा केला, पुरावा कुठे तोकडा पडला, कोर्टाने कोणती कारणे दिली, हे सारे तेथे आहे. पिढ्यान् पिढ्या 'रूढी आहे' एवढ्या दोन शब्दांवर आपल्याला पाण्यापासून दूर ठेवले गेले. ते दोन शब्द जेव्हा कोर्टाच्या कागदावर आले आणि 'पुरावा दाखवा' असे विचारले गेले, तेव्हा दाखवायला काही नव्हते. तोंडी सांगितलेली गोष्ट उद्या कुणीही फिरवू शकतो. निकालपत्र फिरवता येत नाही. म्हणून न्यायालयाचा कागद लोकांसाठी उघडा राहिला पाहिजे, असे आम्ही म्हणतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी विदर्भातले उदाहरण घ्यावे लागेल.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. आरोपी दोन पोलीस होते. १९७४ मध्ये सेशन्स कोर्टाने त्यांना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून दोघांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, या गोष्टींना त्या निकालात वजन दिले गेले.

हे प्रकरण तेथेच संपले असते. पण निकाल उघडा होता, छापला गेला होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो वाचला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात रात्री अडकलेली गरीब मुलगी ओरडली नाही म्हणजे तिची संमती होती काय, असा त्या पत्राचा रोख होता. पत्र देशभर गाजले. ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. शेवटी १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध शाबीत झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच कोर्टाने गृहीत धरावे, असे त्यात आले.

याच १९८३ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. बलात्काराचा खटला बंद दालनात चालवावा, असे ठरले. पीडित स्त्रीचे नाव किंवा ती कोण हे कळेल असे काहीही छापणे हा गुन्हा ठरला. देसाईगंजच्या त्या मुलीचे नाव निकालपत्रात जसेच्या तसे छापले गेले होते. आजही कायद्याच्या पुस्तकांत तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. आम्ही ते नाव या ठिकाणी लिहीत नाही, आणि नाव न लिहिल्यामुळे तुम्हाला विषय कळायला काही कमी पडले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

वाचकहो, सारा विषय या एका प्रकरणात सामावला आहे. निकाल उघडा होता म्हणून अन्याय लोकांना दिसला आणि कायदा बदलला. नाव झाकलेले नव्हते म्हणून त्या मुलीच्या कपाळी जन्मभराचा शिक्का बसला. कोर्टाने कारणे उघडी ठेवावीत आणि नाव झाकावे, हाच यातला धडा आहे.

आज झाकण्याचे हे नियम बरेच पक्के झाले आहेत. बलात्कार पीडितेचे नाव छापले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाचे नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, घरच्या माणसांची माहिती, यांतले काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात पोलिसांना सांगितले, की ज्या कागदांत पीडितेचे नाव आहे ते शक्यतो सीलबंद लिफाफ्यात ठेवावेत आणि लोकांच्या नजरेस पडणाऱ्या दप्तरात नाव काढलेली प्रत लावावी. म्हणजे मूळ कागद नष्ट होत नाही, आरोपीचा बचावाचा हक्क जात नाही, आणि मुलीचे नावही बाजारात येत नाही.

कुटुंब न्यायालयात नवरा-बायकोपैकी एकाने जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दालनात घ्यावी, असे १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला आपले खरे नाव उघड न होता खटला चालवण्याची विनंती २०१७ च्या कायद्याखाली करता येते. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ प्रमाणे विशेष न्यायालय साक्षीदारांची नावे आणि पत्ते लोकांना दिसणाऱ्या हुकमांतून वगळू शकते. खेड्यात एकट्या घराने साक्ष द्यायची आणि साऱ्या गावाशी वैर घ्यायचे, ही पाळी ज्यांच्यावर आली आहे त्यांना या तरतुदीचे मोल सांगावे लागणार नाही.

येथे एक कडू गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. कुठे एखाद्या लेकीवर अत्याचार झाला, की समाज पेटून उठतो आणि उठलाच पाहिजे. पण काही ठिकाणी मोर्चाच्या फलकावर त्या मुलीचा फोटो लागतो, खाली नाव, गाव, बापाचे नाव. मोबाईलवर एफ.आय.आर.चे पान फिरते. पाठवणाऱ्याच्या मनात राग खरा असतो, न्यायाची तळमळ खरी असते. तरीही तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तो त्या मुलीवर दुसरा घाव आहे. मुलगी मरण पावली असली तरी नाव देता येत नाही. घरच्यांनी होकार दिला तरी चालत नाही, त्यासाठी सेशन्स न्यायाधीशांनी तसे ठरवावे लागते, असे त्याच २०१८ च्या निकालात आहे. जिवंत, सज्ञान स्त्रीने स्वतःच्या इच्छेने स्वतःचे नाव पुढे आणले तर तो तिचा हक्क. तो दुसऱ्या कुणी तिच्या वतीने वापरू नये. महिला मंडळांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी मोर्चा काढण्याच्या आदल्या रात्री फलक स्वतः वाचून पाहावेत.

असे असले तरी कोर्टातला प्रत्येक बंद कागद दुबळ्याच्या भल्यासाठीच बंद असतो, असे कुणी समजू नये. लिफाफा पुष्कळदा बलवानाच्या हातात असतो.

जुने उदाहरण मुंबईचेच आहे. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांवर एका उद्योगपतीने अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. त्यात साक्षीला आलेल्या एका व्यापाऱ्याने सांगितले, की आपली साक्ष वर्तमानपत्रांत आल्यामुळे आपला धंदा बुडतो आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष छापू नये असा तोंडी हुकूम दिला. 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ मार्च १९६६ रोजी नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिले, की खटला खुलेपणाने चालणे हा नियमच आहे, पण न्यायाच्या हितासाठी गरज पडली तर अपवाद करण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो. आमचे म्हणणे एवढेच, की अपवाद हा अपवादच राहिला पाहिजे. धंद्याचे नुकसान आणि देसाईगंजच्या मुलीचे आयुष्य यांना एकाच तागडीत घालता येणार नाही.

अलीकडच्या काळात सरकारी खात्यांनी सीलबंद लिफाफ्याचा वापर फार केला. एका बाजूचा माणूस कोर्टात उभा असतो, दुसरी बाजू न्यायाधीशांच्या हातात लिफाफा देते, न्यायाधीश तो वाचतात आणि निकाल लावतात. आपल्याविरुद्ध काय लिहिले होते, हे हरणाऱ्याला कळतच नाही. केरळमधल्या 'मीडिया वन' या मल्याळी वृत्तवाहिनीचे असेच झाले. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेचे कारण देऊन वाहिनीचा परवाना थांबवला. कारण काय ते वाहिनीला सांगितले नाही, लिफाफ्यात घालून केरळच्या उच्च न्यायालयाला दाखवले. उच्च न्यायालयाने वाहिनीची मागणी फेटाळली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार चुकीचा ठरवला. देशाची सुरक्षा एवढे शब्द उच्चारले म्हणजे माणसाचा म्हणणे मांडण्याचा हक्क संपत नाही. गुप्तता खरोखर आवश्यक आहे हे सरकारने पटवून दिले पाहिजे. आणि काही भाग झाकावाच लागला तर तो किती झाकायचा हे कोर्टाने तपासले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे.

त्याच्या दोनच आठवडे आधी, २० मार्च २०२३ रोजी, माजी सैनिकांच्या पेन्शनच्या थकबाकीची सुनावणी होती. 'एक पद, एक पेन्शन' योजनेचे पैसे कधी देणार, याबद्दल सरकारच्या वकिलांनी सीलबंद लिफाफा पुढे केला. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तो घेतला नाही. दुसऱ्या बाजूला दाखवा, नाही तर परत घ्या, असे सांगितले. पेन्शनीच्या हप्त्यांत गुप्त ठेवण्यासारखे काय असते? मग उघड्या कोर्टात वेळापत्रक ठरले. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आणि शौर्यपदक मिळवलेल्यांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत, सत्तरीपुढच्यांना ३० जून २०२३ पर्यंत, आणि बाकीच्यांना २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत पैसे द्यावेत, असा हुकूम झाला. कागद टेबलावर आला की तारीखही ठरते, ती अशी.

म्हणून कोर्टात कुठलाही कागद झाकला गेला, की आपण एकच प्रश्न विचारावा : हे झाकण कुणाला वाचवते? अत्याचार झालेल्या लेकीला, लहान पोराला, भेदरलेल्या साक्षीदाराला वाचवत असेल, तर ते झाकण आपणही सांभाळावे. खुर्चीला, पैशाला, केलेल्या कामाचा जाब टाळणाऱ्याला वाचवत असेल, तर ते उघडावे म्हणून अर्ज करावा.

आता घरच्या उपयोगाच्या गोष्टी. कात्रण काढून ठेवले तरी हरकत नाही.

पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, की एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट मिळते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ तसे सांगते. ठाण्यातून प्रत घेतल्याशिवाय निघू नये. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात कलम १५अ खाली राज्याने जी योजना करायची आहे, तिच्यात एफ.आय.आर.ची प्रत आणि दोषारोपपत्राची प्रत दोन्ही फुकट देण्याची तरतूद आहे. त्याच कलमाप्रमाणे आरोपीच्या जामिनासह प्रत्येक कामकाजाची आगाऊ सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. ही सूचना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. सूचना न देता जामीन झाला असेल तर गप्प बसू नये.

दावा किंवा खटला आपला असेल, तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून दावा, कैफियत, जबाब, रोजनामा, हुकूम, निकाल, यांची प्रमाणित नक्कल घेता येते. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि पानांप्रमाणे खर्च येतो. अर्जाचा नंबर आणि तारीख लिहून घ्यावी, भरलेल्या पैशांची पावती जपावी, दलालाच्या हातात पैसे देऊ नयेत. झेरॉक्स आणि प्रमाणित नक्कल यांत फरक आहे. कोर्टाचा शिक्का आणि सही असलेली नक्कलच पुढे पुरावा म्हणून चालते. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झाली, तर निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि विनामूल्य दिली पाहिजे.

निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ९० दिवस. फौजदारी शिक्षेवर खालच्या अपिली कोर्टात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस या मुदतीतून वगळतात. पण ते अर्ज दिल्यानंतरचे दिवस. अर्ज द्यायलाच महिना लावला, तर तो महिना आपल्याच खात्यावर पडतो. पगार झाल्यावर बघू, सणानंतर बघू, असे करता करता अपिलाची मुदत निघून जाते आणि पुढे विलंब माफीसाठी हात जोडावे लागतात.

खटला आपला नसेल आणि तरी कागद पाहायचा असेल, तर वाट थोडी अरुंद आहे. निकाल आणि हुकूम आता न्यायालयांच्या वेबसाइटवर मिळतात. प्रत्येक दाव्याला अक्षरे आणि आकडे मिळून सोळा जागांचा सी.एन.आर. नंबर असतो. तो टाकला, की ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर पुढची तारीख आणि झालेले हुकूम फुकट दिसतात. घरातल्या शिकत्या पोराला हे पाच मिनिटांत जमते. एफ.आय.आर. चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. लैंगिक अत्याचारासारखी नाजूक प्रकरणे त्यातून वगळली. दोषारोपपत्रे मात्र अशी सरसकट लोकांसाठी टाकता येणार नाहीत, असे जानेवारी २०२३ मध्ये ठरले. परक्या माणसाला फायलीतला कागद हवा असेल तर त्याने कारण द्यावे लागते. गुजरात उच्च न्यायालयाचा तसा नियम होता आणि माहितीचा अधिकार कायदा असला तरी तो नियम चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी म्हटले. म्हणून कोर्टातल्या कागदासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून वेळ घालवू नये. कोर्टाच्या नियमाप्रमाणे नक्कल अर्जच करावा आणि कारण नीट लिहावे.

आपल्या लेकीचे प्रकरण असेल, तर पहिल्याच तारखेला वकिलांना सांगावे : सुनावणी बंद दालनात व्हावी, निकालपत्रात नाव येऊ नये, कागदांवर पत्ता झाकावा. मागितल्यावाचून कुणी आठवण ठेवत नाही. एकदा निकाल नावासकट वेबसाइटवर चढला, की तो उतरवण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी धावाधाव.

वकिलाचा आणि नकलेचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या आपल्या लोकांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे आपल्या वस्तीतले बहुतेक घर या ना त्या कलमात बसते.

शेवटची सूचना पेटीबद्दल. कोर्टातले सगळे कागद कायम राहत नाहीत. ठरावीक मुदतीनंतर जुने दप्तर नष्ट करण्याचे नियम आहेत आणि त्यासाठी १९१७ पासूनचा कायदा आहे. आज नक्कल घेतली नाही, तर वीस वर्षांनी नातवाला ती मिळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक घरात एक जाड फाईल असावी. पहिल्या पानावर दाव्याचा नंबर, कोर्टाचे नाव, वकिलाचे नाव आणि सी.एन.आर. नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा. आत नकला तारखेप्रमाणे लावाव्यात. ती फाईल कुठे ठेवली आहे, हे घरातल्या बाईलाही माहीत असावे. घरधनी गेल्यावर कोर्टाच्या चकरा तिलाच माराव्या लागतात.

आपल्या वाडवडिलांकडे जमिनीचा कागद नव्हता, रूढीविरुद्ध दाखवायला पुरावा नव्हता, आणि त्यांच्या साक्षीला कुणी विचारत नव्हते. आज कागद मागण्याचा हक्क आहे आणि आपल्या लेकराचे नाव झाकून मागण्याचाही हक्क आहे. दोन्ही हक्क अर्ज केल्यावर मिळतात. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा वस्तीतल्या कुणाकुणाचे दावे चालू आहेत ते विचारा, आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी निकालाची नक्कल आहे तेही विचारा. ज्यांच्याकडे नसेल त्यांना सोमवारी सकाळी नक्कल विभागाच्या खिडकीपाशी घेऊन जा.

जय भीम.